ओंजळभर कोंडा

आक्का, तुझ्या श्रद्धांजलीच्या जाहिरातीत मी घोळ घातला.

तुला नवल वाटणार नाही. बाळूनं काम केलं आणि ते धड झालं, असं तुझ्या हयातीत कधी झालं नाही, मग तू गेल्यावर तरी का व्हावं? पेपरवाल्याला फोटो हवा होता. तू जन्मभर फोटोला भ्यालीस. लग्नाच्या फोटोतसुद्धा तुझं तोंड पदराआड. शेवटी माझ्या जुन्या रेक्झीनच्या बॅगेत, पिवळ्या पडलेल्या कागदांच्या मधोमध एक फोटो सापडला, चौघांच्या फोटोतून तुझ्यापुरता कापलेला. मी तो चष्मा न लावता पाहिला आणि देऊन आलो. सकाळी पेपर उघडला तर तू कपाळाला आठ्या घालून बघतेयस, आणि तुझ्या डाव्या खांद्यावर, कुठूनही न आलेला, एक लहानसा हात. पाचही बोटं स्वच्छ दिसतायत. मनगटात काळ्या मण्यांचा दोरा.

आठ वाजायच्या आत तीन फोन आले. टेंभुर्णीहून तुझ्या शेजारची गयाबाई रडत म्हणाली, "बाळू, आक्कासंगं लेकरू बी गेलं काय रे?"

चौथा फोन औरंगाबादहून, होस्टेलवरून.

"बाबा," आमची अनघा म्हणाली, "आत्याच्या खांद्यावर माझा हात छापलाय तुम्ही."

ती हसत होती. मला घाम फुटला. जित्या पोरीचा हात मेलेल्या माणसाच्या जाहिरातीत! तुझ्याशी वीस वर्षं अंधश्रद्धेवरून वाद घालणारा मी, पायात चपला सरकवून बसस्टँडवर गेलो आणि स्टॉलवर त्या पेपरचे उरलेले सगळे अंक विकत घेतले. सात निघाले. बाकीचे गावभर कुणाकुणाच्या घरी गेले असतील, या विचारानं दुपारी जेवण गेलं नाही. सुमननं ते सात अंक बघितले, माझ्याकडं बघितलं, आणि कपाटात कागद अंथरायला घेतले.

आक्का, त्या हाताची सगळी हकीकत तुला माहीत आहे. तू तिथंच होतीस. फक्त त्यातली एक गोष्ट तुला माहीत नाही. ती सांगायला मी इतकी वर्षं घाबरलो, आणि आता तू ऐकायला नाहीस तर लिहायला बसलोय. माझ्या एकूण कारभाराला धरूनच आहे हे.

तुझं चुकलं ते धावड्याचं. मी कधी म्हणालो नाही, सुमनही नाही, तूच म्हणायचीस. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, घरात लेकरू नव्हतं. धावडा गावच्या आपल्या चुलतभावाला तिसरा मुलगा झाला तेव्हा तू मधे पडलीस. "भावकीतलंच हाये, रगत एकच," असं म्हणून तू अकरा महिन्यांचा गणू सुमनच्या ओटीत आणून घातलास. कागद केला नाही. घरातल्या घरात कागद कसला? दहा महिने तो आमच्याकडं होता. सुमनला आई म्हणायला लागला होता. मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची कडी वाजली. दारात त्याची जन्मदाती उभी होती, डोळे सुजलेले. "मला ऱ्हाववंना वहिनी," एवढंच म्हणाली. सुमननं त्याला न्हाऊ घातलं, पावडर लावली, नवा सदरा घातला आणि दिलं. दोरीवर त्याचे कपडे वाळत होते. ते तिनं पंधरा दिवस काढले नाहीत. ऊन-वारा खाऊन त्यांचा रंग गेला.

त्यानंतर ती एकच बोलली. "आता आणायचं असलं तर असं आणा, की परत न्यायला कुणी येणार नाही."

मी बियाण्यांच्या कंपनीत माल रवाना करायच्या खात्यात होतो. आमचं बियाणं पार नेपाळच्या हद्दीवरल्या एका व्यापाऱ्याकडं जायचं. त्याच्याशी पत्रव्यवहार करता करता एकदा मी भावनेच्या भरात धंद्याच्या पत्रात घरचं दुःख लिहिलं. (साहेबांनी ते पत्र नकलेत वाचलं. तो वेगळा घोळ.) पण व्यापारी माणूस भला निघाला. त्यानं उलट टपाली कळवलं, हद्दीपलीकडं एक लेकरांचं घर आहे, एक बाई चालवतात, सगळं कायदेशीर आहे. पुढं पावणेदोन वर्षं कागद येत-जात राहिले. एक दिवस पाकिटातून फोटो निघाला. अडीच वर्षांची मुलगी, बारीक डोळे, फुगलेले गाल, कॅमेऱ्यावर भयंकर रागावलेली. सुमन म्हणाली, "ही आक्कांसारखी बघते." झालं, तिथंच ठरलं.

तू म्हणालीस, "म्या बी येती."

"तू कशाला? परदेश आहे तो."

"धावड्याला म्या घरातल्या घरात ठरवलं, तं काय झालं बघितलं न्हवं? आता डोळ्यादेखत झालं पायजे, बराबर."

तेव्हा जालन्याला छोटी लाईन होती. मनमाडला गाडी बदलायची होती. तू स्टेशनावर आलीस ती धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, आणि काखेत एक कोरं करकरीत सूप घेऊन. मला वाटलं, कुणाला तरी द्यायचं असेल.

"हे कुठं?"

"संगं."

"आक्का, सूप घेऊन परदेशात जातात का?"

"मंग लेकरू कशात घ्येणार? तुह्या रेक्झीनमंदी?"

मग तू कमरेची पिशवी सोडून एक पुरचुंडी दाखवलीस. गव्हाचा कोंडा. घरच्या गव्हाचा, घरच्या चाळणीतला. ज्या घरात लेकरू ठरत नाही, त्या घरात ते सुपात घालून परक्याच्या हातानं घ्यायचं आणि बदल्यात ओंजळभर कोंडा द्यायचा. म्हणजे लेकरू विकत घेतलेलं झालं, तेही कोंड्याच्या मोलाचं. वाईट नजरेला वाटावं, यात न्यायचं काय आहे? मी हसलो. कोंडा तिकडंही मिळेल म्हणालो. "तिकडला कोंडा तिकडल्यांचा," तू म्हणालीस. आणि मग जे बजावलंस ते मी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं: "घरचा उंबरा वलांडेस्तोवर कुणीबी पुसलं तं 'आमची लेक' म्हणायचं न्हाई. 'इकत घेतली' म्हणायचं. ध्यानात ठिव."

चार दिवसांच्या प्रवासात त्या सुपावर तीन माणसं बसली आणि एकानं त्यात मुरमुरे खाल्ले. रक्सौलला उतरलो आणि टांग्यातून हद्द ओलांडली. तुला वाटत होतं परदेशात जायला विमान लागतं. टांगेवाल्यानं "हो गया नेपाल" म्हटल्यावर तू मागं वळून बघितलंस आणि म्हणालीस, "आपल्या मंठ्याच्या बाजारागतच दिसून राह्यलं की."

ते घर, त्या बाई, ज्यांना सगळे दिदी म्हणत, ओसरीवर ओळीनं ठेवलेल्या पितळी वाट्या, सगळं डोळ्यांसमोर आहे. पोर सुमनकडं आली नाही. माझ्याकडं तर बघून किंचाळली. ती सरळ तुझ्याकडं चालत आली, तुझ्या कपाळावरच्या गोंदणाला बोट लावलं आणि ते पुसायला लागली. तू पहिल्यांदाच कुणाला तरी तुझ्या तोंडाला हात लावू दिलास. फोटोवाल्याकडं गेलो तेव्हाही ती तुझ्याच कडेवर. तो हात तिथला.

निघताना तू दिदींसमोर सूप मांडलंस. अडीच वर्षांची पोर सुपात मावते का? पाय बाहेर, सूप करकरलं. दिदी हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी सूप उचलल्यासारखं केलं, आपण सगळ्यांनी मिळून उचललं, आणि तू त्यांच्या ओंजळीत कोंडा ओतलास. "जपून ठिवा, दिदी. फेकू नका." त्यांनी तो रुमालात बांधला.

तासाभरानं आपण हद्दीवरच्या चौकीत उभे होतो. सगळे कागद क्रमानं लावून, टाचणी मारून मी पुढं केले. साहेब शांत माणूस होता. त्यानं एकेक कागद वाचला, फोटो चेहऱ्यांशी ताडून पाहिले, शिक्का उचलला, आणि सहज, अगदी सहज, पोरीच्या गालाला हात लावून तुला विचारलं, "किसकी बच्ची है, माताजी?"

"हमने खरीदी, साब," तू छाती काढून म्हणालीस. "मुफत में नै लाए. बराबर मोल देके लाए."

शिक्का हवेतच राहिला.

आक्का, मी आयुष्यात खूप वेळा घाबरलोय. पालीला घाबरतो, ऑडिटला घाबरतो. पण त्या क्षणासारखा पुन्हा कधी घाबरलो नाही. साहेबानं शिक्का खाली ठेवला. आपले कागद उचलून टेबलाच्या खणात ठेवले. खणाला कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली. तो आवाजसुद्धा चढवत नव्हता. "हर हफ्ते कोई न कोई यहाँ से बच्चा ले जाता है," तो म्हणाला. "कागज सबके पास रहता है."

मी बोलायला लागलो. हिंदीत सुरू केलं, मधे मराठी झालं, शेवटी इंग्रजीत दोन वाक्यं बोललो, ती बियाण्यांच्या पावतीवरची होती. कोंडा, सूप, रिवाज, असं काहीतरी सांगत होतो. जितकं सांगत होतो तितकं ते खोटं वाटत होतं, मलासुद्धा. त्यानं बाकाकडं बोट दाखवलं.

त्या बाकावर आपण सकाळपासून ऊन कलेपर्यंत बसलो. पाणी प्यायला मी परवानगी मागितली. पोर तुझ्या मांडीवर झोपली होती. सुमन रडत नव्हती. तिनं फक्त पोरीच्या फ्रॉकची कड दोन बोटांत धरली होती, आणि नजर दाराकडं होती. तेव्हा मला कळलं, ती कडी वाजायची वाट बघत होती. धावड्याची कडी. मला वाटलं, आता ही पोर परत गेली तर मी घरी एकटाच जाईन. सुमन सोबत असेल, पण मी एकटाच जाईन.

तू एकदाच बोललीस. "म्या खोटं बोलले काय?"

मी फिस्कारलो, "गप बस, आक्का!" थोरल्या बहिणीला मी पहिल्यांदाच असं बोललो.

शेवटी साहेबानं दिदींना बोलावणं पाठवलं. त्या रिक्षातून आल्या, काळी छत्री टेकत. सगळं ऐकलं, आणि पदराच्या गाठीतून तो रुमाल काढून टेबलावर सोडला. "यही दाम है, साहब." साहेबानं कोंडा बोटानं उकरून बघितला. खाली काही आहे का ते पाहिलं. दारातला शिपाई हसला. साहेब हसला नाही.

"दाम तो दाम है," तो म्हणाला. "मुठ्ठीभर हो तो भी. वापस दीजिए. आप लिखकर दीजिए कि कुछ नहीं लिया, ये लिखकर देंगे कि कुछ नहीं दिया. फिर ले जाइए बच्ची को."

केवढं सोपं होतं! मी तर त्याच्या पायाच पडणार होतो. दिदींनी रुमाल तुझ्यापुढं केला.

तू हात मागं घेतलेस.

"न्हाई घ्येणार."

"आक्का!"

"सौदा मोडला तं लेकरू मोडतं. म्या वापस घेतलं, की ही बी जाईल. गण्यावानी."

"आक्का, पाया पडते तुमच्या, घ्या," सुमन म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा फुटला.

"तू गप, सुमे. धावड्याला बी म्या समद्यांचं ऐकलं होतं. कागद नगं, रीत नगं. काय झालं? न्हाई घ्येणार म्या. जेलात टाका."

तू त्या खोलीत पदर कमरेला खोचून उभी होतीस. साहेब तुझ्याकडं बघत होता, दिदी तुझ्याकडं, पोर जागी होऊन तुझ्याकडं. तू बरोबर होतीस की साहेब बरोबर होता, हे मला तेव्हाही कळलं नाही. खणाला कुलूप होतं, एवढंच कळत होतं. मी हात पुढं केला आणि रुमाल घेतला.

तू माझ्याकडं जे बघितलंस, आक्का, ते मी सतरा वर्षं सोसलं.

लिहून दिलं. अंगठा, सही, शिक्का. खण उघडला. कागद मिळाले. आणि इथून पुढचं तुला माहीत नाही.

दिदी आत सही करत होत्या. तुम्ही दोघी बाहेर रिक्षाजवळ, तुझी पाठ माझ्याकडं. दाराला टेकून त्यांची छत्री उभी होती. माझ्या मुठीत तो रुमाल. आणि मी, अंधश्रद्धेवर शाळेत भाषण करून बक्षीस मिळवलेला तुझा धाकटा भाऊ, पुढं सरकलो आणि तो रुमाल छत्रीच्या मिटलेल्या कापडात खोल खुपसला. शिपायाकडं बघून हसलो. तोही हसला. मी इतक्या घाईत निघालो, की रिक्षात चढताना सूप माझ्याच पायाखाली आलं आणि मोडलं.

सौदा मोडला नव्हता, आक्का. कोंडा त्यांच्याकडंच राहिला.

मनमाड येईपर्यंत दर स्टेशनावर मला वाटायचं, आता पोलीस डब्यात चढतील. लेखी खोटं बोललो होतो ना! दिदींनी चौकीच्या दारातच छत्री उघडली असेल आणि साहेबाच्या टेबलावर कोंड्याचा पाऊस पडला असेल, हे मला स्वप्नातसुद्धा दिसायचं. म्हणून पहिल्या वर्षी बोललो नाही. दुसऱ्या वर्षी लाज वाटली. इतकं भांडून शेवटी मीच कोंडा पोचवला, हे तुझ्यापुढं कबूल कोण करणार? मग सांगायची वेळ निघून गेली, असं वाटत राहिलं.

आणि तू मात्र भीत राहिलीस. पोरीला शिंक आली तरी टेंभुर्णीहून निघालेली एस्टी तुला घेऊन यायची. गोवर, कांजिण्या, दहावीच्या आधीचा तो टायफॉइड. ताप दोन दिवसांत उतरायचा, पोर शाळेत जायला लागायची, तरी तू आठ-आठ दिवस हलायची नाहीस. माझ्यासमोर पाट मांडून बसायचीस आणि म्हणायचीस, "हात तू पुढं केल्ता, बाळू. ध्यान ठिव." मी ठेवायचो. दाराची कडी दोनदा तपासायचो. रस्त्यावर बारीक डोळ्यांची अनोळखी बाई दिसली, की मी रस्ता बदलायचो. एकदा स्वेटर विकायला आलेल्या एका बापड्या नेपाळी बाईला मी दार उघडलंच नाही. खिडकीतून "नको, नको" ओरडलो.

लोकांनी पोरीच्या नाकाडोळ्यांवरून विचारलं, की तू ठणकावायचीस, "आत्यावर गेली." तुझं नाक पोपटाचं, तिचं बटणाचं. पण तुला उलटून विचारायची कुणाची छाती नव्हती. तू तिला कोंडे म्हणायचीस. तिला ती कुठून आली ते सगळं माहीत आहे, आम्ही लपवलं नाही. पण कोंड्याचं तेवढं कुणी सांगितलं नाही, आणि तिला कैक वर्षं वाटायचं, की आत्या आपल्या केसांवरून चिडवते. बिचारी लिंबू चोळायची.

शेवटच्या आठवड्यात तू इथंच जालन्याला दवाखान्यात होतीस. मी ठरवून आलो होतो. उशाशी बसलो, घसा साफ केला. "आक्का, ते चौकीतलं... तो कोंडा..."

"पाणी दे," तू म्हणालीस.

दिलं. पुन्हा सुरू केलं. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, थकलीस. उद्या सांगू म्हटलं. उद्या दवाखान्यात बसायची पाळी सुमनची होती, परवा तू नव्हतीस.

तेराव्याची माणसं काल दुपारी पांगली. घर मोकळं झालं. सुमन स्वयंपाकघरात खाली बसून पीठ चाळत होती. चाळणीत कोंडा उरला होता. तो बघितला आणि मला राहवेना. मी पाट ओढून बसलो आणि तिला सगळं सांगितलं, रुमाल, छत्री, शिपाई, सगळं. म्हणालो, एका वाक्यानं आक्काची भीती गेली असती. सतरा वर्षं ती जीव मुठीत धरून हेलपाटे घालत राहिली, माझ्यामुळं.

तिनं चाळणी थांबवली नाही.

"मी बघितलं होतं," ती म्हणाली. "रिक्षात बसताना. तुमचं तोंड चोरासारखं झालं होतं. गाडी सुटल्यावर तुमचा जरा डोळा लागला, तेव्हाच मी आक्कांना सांगितलं."

"आक्काला माहीत होतं?"

"त्या इतक्या हसल्या, की पोर उठली. मग म्हणाल्या, 'मला कळलं म्हून त्याला सांगू नगं, सुमे. भेलेला हाये तवर दाराकडं ध्यान ठेवील.'"

"मग दर तापाला ती धावत यायची ती कशाला?"

सुमननं चाळणी खाली ठेवली. हातावरचं पीठ झटकलं.

"पोरीसाठी दोन दिवस. पोरीचा ताप दोन दिवसांत उतरायचा हो. तुमचा उतरायला त्यांना आठ दिवस राहावं लागायचं."